दारातली चप्पल

काकू प्रार्थनेच्या वेळी दार लावू देत नसत. मीरा रोडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दर बुधवारी त्यांच्याकडे चर्चच्या लोकांची घरसभा भरायची. शेवटचा माणूस आत आला की कोणीतरी सवयीने दाराकडे वळे, आणि आतून आवाज यायचा, "राहू दे, लोटू नको. अजून यायचाय." कोण यायचाय, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला माहीत होतं.

त्या उघड्या दारातून जिन्यातला कुकरचा वास यायचा, मांजर यायचं, कुरिअरवाला यायचा. एकदा समोरच्या गुजराती भाभी विरजण मागायला आल्या. आम्ही डोळे मिटून बसलेलो. त्या वाटी हातात धरून प्रार्थना संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. काकूंनी विरजण दिलं आणि म्हणाल्या, "अगले बुधवार बैठना हं, खडी मत रहना." भाभी पुढे कितीतरी बुधवार खरंच येऊन बसल्या.

काकू मूळच्या जालन्याकडच्या, दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. भक्तीचं अवडंबर त्यांना जमत नसे. प्रार्थनेआधी सगळ्यांना गप्प बसवत आणि दाराकडे बघत राहत. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, "काकू, प्रभू आला हे तुम्हाला कळतं कसं?" त्या म्हणाल्या, "खोली भरल्यासारखी वाटते." थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "कधी कधी येत नाही गं. मग नुसतं बसायचं." त्यांचा तो चेहरा मला आवडला नव्हता. भीती वाटली होती.

मग घोडबंदरच्या बाजूला आमच्या मंडळीचं नवं चर्च झालं. काचेचं दार, एसी, पॉलिश केलेले बाक. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. समर्पणाच्या, म्हणजे उद्घाटनाच्या, दिवशी काकू दारापाशी शेवटच्या बाकावर बसल्या. दार आपलं आपण बंद व्हायला लागलं. काकूंनी पायातली एक चप्पल काढली आणि फटीत सरकवली. एका स्वयंसेवकाने ती अदबीने आणून दिली. काकूंनी ती अदबीने परत सरकवली. शेवटी चर्चचे पाळकसाहेब स्वतः आले. "काकू, एसीची हवा बाहेर जातेय."

"जाऊ द्या की साहेब," काकू म्हणाल्या, "आत कोण येतंय ते बघा."

लोक हसले, मीही हसले. पाळकसाहेब भला माणूस, तेही हसले आणि चप्पल बाकाखाली नीट ठेवून गेले. दार बंद झालं. काकू पूर्ण उपासनाभर त्या काचेकडे बघत होत्या.

बुधवारची सभा चर्चमध्ये गेली. काकू रविवारी न चुकता चर्चला यायच्या, कोणाशी वाद घालत नसत, पण बुधवारी घरीच बसत. सतरंजी अंथरून, दार उघडं टाकून. भाभीही सुरतेला मुलाकडे गेल्या होत्या. मी ऑफिसातून येताना जिन्यात भेटले की विचारायची, "आज कोण होतं काकू?"

"दोघं होतो," त्या म्हणायच्या, आणि पोळ्या लाटायला जायच्या.

पुढे बिल्डिंग धोकादायक ठरली. नोटीस लागली, एकेक बिऱ्हाड हललं. काकू वसईला मुलीकडे निघाल्या तेव्हा सामान उतरवायला मी होते. रिकाम्या खोलीत आमचे आवाज घुमत होते. मला रडूच आलं. म्हटलं, "काकू, हे पाडल्यावर तो कुठे येणार?"

"घर माझं पडतंय, पोरी. त्याचं काय पडतंय?" असं म्हणून त्या जिना उतरल्या. मी दाराला कुलूप घालायला लागले, तर खालून ओरडल्या, "राहू दे!"

वसईला काकू फार दिवस राहिल्या नाहीत.

त्यांचा अंत्यविधी त्याच नव्या चर्चमध्ये झाला. पेटी आत आली आणि काचेचं दार हळूच बंद व्हायला लागलं. मला ते बघवेना. मी चप्पल काढली आणि फटीत घातली. पाळकसाहेबांनी पुढून बघितलं आणि प्रार्थना सुरू केली. बाहेरचा गरम वारा आत येत राहिला. मध्येच माझ्या पाठीमागची जागा भरल्यासारखी वाटली. मान वळवून बघायचा धीर मला झाला नाही.

आता मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बुधवारी दार उघडं ठेवून बसते. बहुतेक वेळा नुसतंच बसणं होतं, आणि तेव्हा काकूंचा तो चेहरा आठवतो. क्वचित मात्र खोली भरते. नवरा कामावरून येतो, अंथरलेली सतरंजी बघून विचारतो, "कोण आलं होतं?"

"दोघं होतो," मी म्हणते. मग दार लावायला उठते, आणि कडीवर हात ठेवून जरा थांबते, कोणी यायचं राहिलं असेल म्हणून.