दुर्गाबाईचा रेडिओ आणि पुंजाजीचा भोंगा

दुर्गाबाई तायडेच्या गळ्याबद्दल तिच्या थोरल्या जावेचं, माणिकबाईचं, मत लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पक्कं झालं होतं. "पोरगी कामाची हाय, पण गया जाड हाय," असं ती म्हणाली, आणि पुढे दुर्गाबाईची मुलगी शालू कॉलेजात गेली तरी त्या मतात तसूभर फरक पडला नाही. विहारात वंदना झाल्यावर दुर्गाबाईने गाणं म्हटलं की माणिकबाई शेजारणीला कोपराने ढोसून सांगायची, "बैलगाडी निंगाली पाय."

दुर्गाबाई हसायची. तिला हसायला फार लागत नसे. चांदूर रेल्वेच्या गँगमनची ही मुलगी, अकोल्याला कारकुनाच्या घरी पडली आणि बायकांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडली, आणि तिचं गाणं ऐकून पहिल्यांदा गप्प झाली. गाणं तिचं स्वतःचं होतं, कामातच जुळवलेलं:

*नीज माझ्या पाखरा, कापसाची गादी,*
*माय गेली कामाले, यील सांजेआधी.*

हे गाणं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, नागपूरला रेडिओवर असलेल्या आपल्या बहिणीला सांगितलं, आणि दुर्गाबाईला नागपूरचं बोलावणं आलं. काचेच्या खोलीत तिला उभं केलं. बांगड्या वाजतात म्हणून मनगटाला रुमाल गुंडाळला. गाणं झालं तेव्हा तिने काचेपलीकडच्या माणसाला विचारलं, "कसं झालं भाऊ?" त्याने नुसती मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं. पौषातल्या एका रविवारी, दुपारी बायकांच्या कार्यक्रमात हे गाणं लागणार होतं.

आता गंमत अशी, की आपला आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येतो हे त्या काळी कुणाला ठाऊक असायचं? पुढाऱ्यांना आणि नटनट्यांना. दवाखान्यातल्या आयेला कुठून? दुर्गाबाईला नागपूरहून परत येताना गाडीत पहिल्यांदा शंका चावली. माणिकबाई म्हणते तसा गळा खरंच जाड असला तर? सगळ्या वऱ्हाडाला कळेल आणि आपल्यालाच कळणार नाही!

घरात रेडिओ नव्हता. वस्तीत वीज येऊन वर्ष झालं होतं, पण रेडिओ फक्त चौकातल्या हॉटेलात, आणि तिथे बाया बसत नसत. देवमन, तिचा नवरा, म्हणाला, "आमच्या सायबाच्या बंगल्यावर जाऊ. त्यायच्या दारात उभं राहून आयकता येईन."

"दुसऱ्याच्या दारात उभं राहून सोताचा आवाज आयकू? मी?" दुर्गाबाई म्हणाली. "त्यापेक्षा नाई आयकला तं बरा. रेडिओ घ्या, शालूचे बाबा."

देवमनच्या मनात हे केव्हापासून होतंच. फक्त कुणी तरी हुकूम सोडायची वाट होती. पैशांचं त्याने काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक, आपल्याला त्याच्याशी काय करायचं आहे? पण एका गोष्टीत दुर्गाबाई अडली. रेडिओ पुढच्या खोलीत राहणार. पुढच्या खोलीत देवमनचे भाऊबंद, कचेरीतली माणसं येऊन बसणार. मग वस्तीतल्या बाया कुठे? मागे, स्वैपाकाच्या खोलीत, भिंतीला कान लावून!

"मले दोन तोंडाचा रेडिओ पायजे," तिने जाहीर केलं. "एक तोंड तुमच्याकडे, एक माह्याकडे."

अकोल्याच्या दुकानदाराला हे कळलंच नाही. तो म्हणाला, असा रेडिओ निघालेला नाही. म्हणून दोघं अमरावतीला गेली, जयस्तंभाजवळ खुशालरावांच्या दुकानात. खुशालराव माणूस समंजस. त्यांनी पाच-सहा सेट ओळीने मांडले आणि सांगितलं, "बाई, काही सेटांच्या मागे दोन भोकं असतात. त्यात तार घालून दुसरा स्पीकर लांबच्या खोलीत नेता येतो."

"पायलं?" दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाली. "म्हने असा रेडिओ निंगालाच नाई!"

आणि तिने निवड सुरू केली. आता दुर्गाबाईने आयुष्यात निवडून घेतलेली आवाजाची वस्तू एकच, पाण्याचा माठ. कुंभाराच्या दारात बसायचं, माठ डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायचं, आणि ठण्ण वाजला तो घ्यायचा. भद्द वाजला तो कच्चा. तिने पहिल्या रेडिओच्या डोक्यावर टकटक केलं आणि कान लावला. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या पोटावर.

"अहो बाई, बाई!" खुशालराव धावले. "रेडिओ लावून पाहायचा असतो, ठोकून नाही!"

"लावल्यावर तं नागपूरचा आवाज येईन ना भाऊ. याचा सोताचा कसा हाय, ते पाहून राहिली मी."

खुशालरावांनी फडक्याने सेटांवरचे बोटांचे ठसे पुसले. देवमन मात्र एका सेटपुढे गुडघ्यावर बसला होता. त्या सेटच्या कपाळावर हिरवा डोळा होता. स्टेशन बरोबर लागलं की तो मिटायचा, हललं की उघडायचा. "अवो, हा पाय! पाहून राहिला आपल्याकडे!"

"पाहू द्या. मागं भोकं हायेत का?"

भोकं होती. त्या पाच-सहांत तोच एक सेट दोन तोंडांचा. दुर्गाबाईने काचेवरची गावांची नावं वाचून काढली, नागपूर सापडलं, अकोला सापडलं नाही. "आपण दिसत नाई यायच्यात," ती म्हणाली, "पण चाला, रविवारी दिसू." घरी नेऊन पाहा, पसंत पडला तर ठेवा, अशी त्या वेळच्या दुकानदारांची रीत होती. सेट निघाला. राहिला दुसरा स्पीकर. खुशालरावांनी कापडाचं तोंड असलेली एक लाकडी पेटी पुढे केली. दुर्गाबाईने कापडावर टकटक केलं. भद्द.

"कच्चा हाय," ती म्हणाली, आणि खुशालरावांनी कपाळाला हात लावला.

तर, आता शहाणपणाने हसायचं असेल तर हसून घ्या, कारण पुढे ती जे करणार आहे ते याहून वरचं आहे. अकोल्यात पुंजाजी लग्नाच्या मांडवात भोंगे लावायचा. पौषात लग्नं नाहीत, म्हणून त्याचे भोंगे ओसरीवर पालथे पडलेले. दुर्गाबाईने त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर बोट आपटलं, आणि तो असा ठण्णणण वाजला, की तिच्या अंगावर काटा आला.

"हा पक्का!"

"वयनी, हा मांडवातला हाय," पुंजाजी म्हणाला. "सैपाकाच्या खोलीतला नोहे."

"काहून? सैपाकाच्या खोलीत माणसं नसतेत का?"

पुंजाजीने देवमनकडे पाहिलं. देवमनने आभाळाकडे पाहिलं. पुंजाजी बिचारा सरळ, तार-बीर आणून सगळं जोडून देतो म्हणाला. "पौष सरेपर्यंत वापरा. मले काय, पडूनच हाय."

शनिवारी संध्याकाळी जोडणी झाली. पुढे हिरवा डोळा, मागे चुलीच्या वर, डाळीच्या डब्यांच्या फळीवर भोंगा. देवमनने बटण फिरवलं. आतले बल्ब तापायला वेळ लागतो हे कुणाला माहीत? तो म्हणाला, "आवाज नाई येऊन राहिला," आणि आणखी फिरवलं. शेवटापर्यंत.

मग बल्ब तापले.

मागच्या खोलीत बातम्या नव्हेत, प्रत्यक्ष आभाळ फाटलं. फळीवरचे डबे नाचत नाचत कडेला आले आणि तुरीची डाळ माणिकबाईच्या डोक्यावर सांडली. माणिकबाईच्या हातातली भाकर तव्याऐवजी थेट चुलीत गेली. मांजर खिडकीतून गेलं ते सोमवारी परतलं. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा धावत आला आणि विचारू लागला, "नळाचं पाणी बंद होऊन राहिलं का? म्युनसिपालटी काय सांगून राहिली?"

देवमनने आवाज उतरवला. तेव्हा पुढच्या खोलीतून तक्रार, की डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. पुढे ऐकू येईल इतका वाढवला, की मागे भांडी उड्या मारत. मागे सोसेल इतका उतरवला, की पुढे काहीच नाही. तोंडं दोन, पण बटण एकच! हे खुशालरावांनी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दुर्गाबाई तेव्हा ठोकण्यात गुंतलेली होती.

"आण म्हणलं होतं मी पेटी!" देवमन हसू दाबत म्हणाला.

"तुमी कवा म्हणलं? तुमी त्या डोयाले डोया लावून बसले होते!"

माणिकबाई पदरातली डाळ निवडत होती. "आधीच तुहा गया जाड," ती म्हणाली, "त्यात हा भोंगा. उद्या तू गाशीन तं घर पडते आमचं."

सगळे हसले. दुर्गाबाईही हसली, पण या वेळी सगळ्यांच्या आधी थांबली. उद्या दुपारी गाणं. अमरावतीला जाऊन पेटी आणायला वेळ नाही. भोंगा काढला तर बायांना ऐकू येणार नाही, ठेवला तर ऐकता येणार नाही. आणि गाणं एकदाच लागणार. ते पुन्हा कुणी ऐकवणार नव्हतं.

तिने भोंग्यावर पुन्हा एकदा टकटक केलं. मग म्हणाली, "याले मांडव पायजे ना? मंग मांडवात नेऊ."

रविवारी सकाळी पुंजाजीने भोंगा छपराच्या टिनांवर चढवला, तोंड गल्लीकडे करून. पौषातलं ऊन गल्लीत मऊ पडलं होतं. माणिकबाईने स्वतः पहिलं पोतं आणून अंथरलं, अगदी पुढे, जिथे पुरुष बसायचे तिथे, आणि "सरका जराक" म्हणून देवमनच्या कचेरीतल्या हेडक्लार्काला सरकवलं. बाया आल्या. दवाखान्यात जन्मलेली पोरं आली, त्यांच्या आया आल्या. पुढच्या खोलीत बसायला बोलावलेली माणसं एकटी तिथे काय करणार, तीही बाहेर आली. मुरमुरे आले, चहा आला. लग्नासारखी गर्दी झाली, फक्त नवरानवरी तेवढी नव्हती.

दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून माणिकबाईच्या पोत्यामागे उभी होती. ती भोंग्याकडे बघत होती. सगळेच भोंग्याकडे बघत होते. भोंगा गप्प होता.

"वेळ नाई झाली का अजून?" कुणी तरी विचारलं.

"झाली ना," हेडक्लार्क घड्याळ पाहून म्हणाला. "केव्हाची झाली."

दुर्गाबाईने देवमनकडे पाहिलं. देवमन मुरमुरे खात होता.

"शालूचे बाबा! तुमी बाहेर?"

"हो. आयकाले."

"मंग रेडिओ कोनं लावला?"

कुणीच लावला नव्हता! सगळं घर गल्लीत येऊन बसलं होतं. देवमनने मुरमुऱ्यांचं ताट हवेत सोडलं आणि आत उडी मारली. बल्ब तापायचे होते. आतून देवमन ओरडत होता, "तापून राहिला! तापून राहिला!" माणिकबाई पोत्यावरून ओरडली, "फुंकर मार ना बापा!" हिरवा डोळा उघडला असेल, मिटला असेल, बाहेर कोण बघतो? भोंग्याने घसा खाकरला, खरखरला, आणि एक शहरी बाई म्हणाली, "...दुर्गाबाई देवमन तायडे, अकोला, यांनी स्वतः रचलेलं अंगाईगीत."

गल्लीत जो गलका उठला तो काय सांगावा! नाव, गाव, नवरा, सगळं आभाळातून! कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी "जय भीम" करत होतं, पोरं शिट्ट्या मारत होती. आणि त्या गलक्याखाली गाणं सुरू होऊन गेलं.

"गप बसा ना वो!" दुर्गाबाई हात जोडून ओरडली. "मले आयकू द्या!"

गलका जरा उतरला. वरून आवाज येत होता. दुर्गाबाईने तोंड वर केलं. ही कोण बाई? तिला वाटलं, आपल्याऐवजी दुसऱ्याच कुणाचं लावलं. मग *कापसाची गादी* आलं, आणि श्वास घ्यायची जागा ओळखीची निघाली. तिला इतका आनंद झाला, की त्या बाईला साथ द्यावी म्हणून ती गाऊच लागली. मोठ्याने, हात हलवत, डोळे मिटून, आणि उतावळेपणाने अर्धी ओळ पुढे.

माणिकबाईने मागे वळून तिचं लुगडं ओढलं.

"तू गप बैस वो! आमाले दुर्गाबाईले आयकू दे!"

दुर्गाबाईने तोंडावर हात धरला. मग सगळी गल्ली गप्प झाली. भोंगा ठासून गात होता. आवाज जाड होता, यात काही शंकाच नव्हती. कढीसारखा जाड, बसका, घरभर पुरेल असा. *माय गेली कामाले* म्हणताना तो आणखी खाली गेला, आणि पुढे बसलेल्या एका बाईच्या मांडीवरचं तान्हं, मघापासून किंचाळत असलेलं, एकदम थांबलं आणि टिनांकडे बघू लागलं.

"जाडच हाय," दुर्गाबाई बोटांआडून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खांदे हसण्याने गदगदत होते.

"मंग?" माणिकबाई तोंड न वळवता म्हणाली. "मी काय खोटं सांगत होती? आता बोलू नको. अजून एक कडवं हाय."