अक्कांच्या कॉम्प्युटरची गोधडी

पिंप्राळ्यातल्या माझ्या दुकानात कॉम्प्युटर आला, की मी आधी डॉक्टरसारखा चेहरा करतो. निदान नंतर. पण धरणगावच्या एका अक्कांचं मशीन पुन्हा परत आलं, तेव्हा तो चेहराही कामी येईना.

अक्का घरीच कॉम्प्युटरवर लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करून छापून देत. काम रंगात आलं की मशीन फटकन बंद. मी रॅम तपासली, हार्डडिस्क तपासली, पॉवर सप्लाय बदलला. दिवसभर टेस्ट चालवली. सगळं पास.

"भाऊ, तुमना दुकानमा बठ्ठं चांगलं चालस," अक्का म्हणाल्या. "मना घर वनं का बंद. तुमले घाबरस का काय ते?"

मी दोष त्यांच्या घरच्या विजेवर ढकलला.

"मंग टीव्ही कसा चालस?"

यावर मी स्क्रू शोधू लागलो. अक्का मात्र हसत नव्हत्या. शेजारच्या मुलीची पत्रिका संध्याकाळपर्यंत दिली नाही, तर ते लोक जळगावला जाणार होते. एक घर गेलं की मागून गल्ली जाते, हे त्या इतक्या हळू बोलल्या, की मी मशीन रिक्षात टाकून त्यांच्यासोबतच निघालो.

त्यांच्या घरी वायरी जोडल्या, टेस्ट लावली. अक्का चहाला उठल्या आणि जाता जाता सवयीनं त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कपडे चढवले. जुन्या लुगड्याची, जाड टाक्यांची झक्क गोधडी. फक्त बटणापुरतं भोक. दुकानात आणताना मळू नये म्हणून ती घरीच राहत असे. मांजर लगेच वर येऊन बसलं. तिथं ऊब असते, हे त्याला केव्हाच कळलं होतं.

पडद्यावर तापमान चढत गेलं. चहा उकळायच्या आत मशीन बंद.

"अक्का, ही गोधडी कशाला?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, कापूसनी धूळ आत जावाले नको."

सांगितलं होतं खरं. मशीन बसवताना, डॉक्टरचा चेहरा करून.

मी मांजर उतरवलं, गोधडी काढली, हिच्यामुळे आतल्या पंख्याची हवा कोंडते म्हणून सांगितलं. अक्का कात्री घेऊन आल्या, मागून खिडकी पाडू का म्हणाल्या. एवढं सुंदर काम कापायला माझं मन होईना. म्हटलं, चालू असताना काढा, बंद झाल्यावर घाला.

"म्हणजे आपलासारखंच. झोपनं का गोधडी."

मग त्या कामाला बसल्या. मला सुनावण्यासारखं बरंच काही होतं त्यांच्याकडे, पण त्यांनी फक्त माझ्या चहात साखर जास्त घातली. दिवेलागणीला मुलीचे वडील आले, पत्रिका हातात धरून दोनदा वाचली, आणि धाकटीच्या वेळीही इथंच करू म्हणाले.

मांजर तेवढं माझ्याकडे रागानं बघत होतं.