बाजाराच्या आदल्या दिवशी

लसीकरणाच्या नोंदणीची प्रणाली पुण्यात बसून तयार करता येते. गावाला ती आपली वाटेल का, हे पुण्यातून कळत नाही. म्हणून मी बुलढाणा जिल्ह्यात गेले.

जाणाऱ्यांसाठी: चिखलीपर्यंत एसटी, पुढे साखरखेर्ड्याला जीप. जीपला वेळापत्रक नाही, भरली की निघते. खिडकीजवळची जागा मागून घ्या. दोन्ही बाजूंना कपाशी होती, लांबून पांढरीशुभ्र. जवळ गेल्यावर किडकी बोंडं दिसली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही सोडलं नव्हतं.

साखरखेर्ड्यापुढच्या एका लहान गावात आशा कार्यकर्त्या वंदनाताईंकडे उतरले. ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. तिसरी भाकरी नको म्हणायची सोय नव्हती.

सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, “मॅडम नावं लिहून घ्यायले आल्या!” थोड्याच वेळात रांग लागली. सगळे पुरुष, आणि प्रत्येकाच्या हातात सातबारा.

“बोंडअळीच्या भरपाईचंच लिहून राह्यले ना?” पुढे उभ्या असलेल्या नामदेवआबांनी विचारलं.

“नाही. लहान मुलांच्या लसींचं.”

“आ करा आबा,” मागून कुणीतरी ओरडलं, “दोन थेंब घ्या अन् घरी जा!”

रांग हसत पांगली. आबा तेवढे थांबले, माझ्या हातातल्या टॅबकडे बोट दाखवत. “माह्या नातीचं पाहा बरं त्याच्यात.”

तिची गोवराची लस राहिली होती, आणि शेजारच्या वस्तीवर गोवर निघाला होता.

“मागच्या सुईनं पोरीले ताप आला,” वंदनाताई म्हणाल्या. “आबाची सून, सुनीता, घरी राह्यली. तवा नूरबीनं टोळीत दुसरी बाई घेतली. यंदा घरचा कापूस अळीनं खाल्ला. तिच्या वेचणीवरच घर चालू हाये.”

नूरबी कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. संध्याकाळी आबा, वंदनाताई आणि मी तिच्या ओट्यावर गेलो. मी नोंदणीचे फायदे क्रमाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“सुई कोणत्या दिवशी?”

“बुधवारी. सगळीकडे.”

“अन् गुरुवारी वेचाले कोण येईन? तुम्ही?”

“येतीन,” आबा म्हणाले, “बोंडाचा फोटो काढतीन.”

नूरबी हसली. “बाजाराच्या दिवशी माही टोळी बंद राह्यते. आदल्या दिवशी सांजच्याले सुई द्या. ताप येऊ द्या बाजारात. सुनीताची जागा कोणाले देत नाही. बाकीच्या बायाईचे लेकरं बी मीच आणते.”

वंदनाताईंनी नर्सबाईंना फोन लावला. त्या आधी कुरकुरल्या, मग तयार झाल्या. माझा टॅब मात्र बुधवारशिवाय काही घेईना. तो वार मीच पक्का बसवला होता.

ठरल्या संध्याकाळी सुनीता थेट शेतातून आली, केसांत कापूस. मुलीने सुईआधीच भोकाड पसरलं आणि माझी ओढणी धरली. ती मी सोडवून घेतली नाही.

“रात्री फणफणली तं?” सुनीताने विचारलं.

“उद्या बाजार हाये,” नूरबी म्हणाली. “पोरगी आबापाशी ठेव, अन् मले चहा पाज.”

परतताना देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घेऊन जालन्याची बस धरली. पिशवीत आबांनी दिलेल्या तुरीच्या शेंगा होत्या.

पुण्यात आल्यावर प्रणालीतला पक्का बुधवार काढला. आता तिथे आठ पर्याय आहेत: सात वार आणि ‘बाजाराच्या आदल्या दिवशी’. सहकाऱ्याने विचारलं, म्हणजे नक्की कधी? म्हटलं, ते त्या त्या गावाला विचारायचं.

वंदनाताईंचा निरोप आला: ताप आला, उतरला, सुनीता वेचणीवर गेली. खाली आबांचा प्रश्न होता. बोंडअळीवाल्या मॅडम कधी येणार?