ओलंच लाकूड हवं होतं

चौथी पट्टी मोडली तेव्हा गॅरी माझ्या मागेच उभा होता. कडाड् आवाज झाला, ढलप्या उडाल्या आणि माझ्या हातात निम्मीच पट्टी राहिली. दोन दिवसांत चार. मी हातमोजे काढून टेबलावर आपटले.

"सूला," गॅरी म्हणाला. गॅरी म्हणजे आमच्या शॉपचा मालक. माझं नाव सुलभा, पण तीन वर्षांत त्याच्या तोंडून 'भा' काही निघाला नाही. "बस झालं. बँडसॉच्या करवतीवर गोलाई कापून टाक."

"कापायचं नाहीये. वाकवायचंय."

"पण तुला वाकवता येत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. २००१ मध्ये चिप कंपनीने लेऑफ केल्यावर मी फ्रीमाँटच्या ह्या फर्निचर शॉपमध्ये लागले होते. वर्षभर कॅबिनेटची दारं घासली. मग स्टीम बेंडिंग शिकले आणि ते काम माझंच झालं. खुर्च्यांच्या पाठी वाकवल्या, टेबलांच्या कडा वाकवल्या. आणि आता हा माणूस मला सांगणार, येत नाही म्हणून!

काम होतं पाळण्याचं. सनीव्हेलला राहणारा निखिल, मूळचा पुण्याचा, चिप डिझाइनमध्ये. त्याला मुलगी झाली होती. पुढच्या पुढच्या रविवारी बारसं. त्याला टांगता पाळणा नको होता, जमिनीवर डुलणारा हवा होता. म्हणजे खाली दोन कमानदार पट्ट्या, रॉकर म्हणतात त्या. बाळासकट सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर. बाकी पाळणा तयार होता, फक्त रॉकर राहिले होते.

स्टीम बेंडिंग ऐकायला सोपं आहे. लांबट पेटीत लाकडाची पट्टी ठेवायची आणि पेटीत वाफ सोडायची. इंचभर जाडीला साधारण तासभर. वाफेने लाकूड मऊ पडतं. बाहेर काढलं की हातात जेमतेम मिनिट असतं, तेवढ्यात साच्यावर वळवून क्लॅम्पने आवळायचं. लाकूड दाबलं तर दबतं, पण ताणलं तर फाटतं. म्हणून बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टा लावायचा, तो ताण स्वतःवर घेतो. मग आठवडाभर साच्यावरच वाळू द्यायचं.

हे सगळं मी केलं होतं. वाफ दिली, पट्टा लावला, घाई केली नाही. तरी पट्ट्या अशा तुटत होत्या की जणू बिस्किटंच.

गॅरी निघून गेल्यावर मी तुटका तुकडा उचलला आणि ड्रॉवरमधून मीटर काढला. दोन सुया टोचल्या की लाकडात ओल किती आहे ते हा मीटर सांगतो. वाफेने वरून ओलं झालेलं लाकूड आतून ठणठणीत कोरडं निघालं. कोपऱ्यात न वापरलेली पट्टी होती, तिलाही टोचला. तीही तशीच. भट्टीत वाळवलेलं लाकूड! मी मागितलं होतं ओलं.

आता हे नीट सांगते, कारण गोम इथेच आहे. टेबल-कपाटाला वाळलेलंच लाकूड लागतं, नाहीतर सांधे सुटतात. वाकवायला मात्र झाडापासून नुकतंच कापलेलं, ओलं असलेलं उत्तम. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा एक नैसर्गिक चिकट पदार्थ असतो. भट्टीच्या उष्णतेने तो कायमचा कडक होतो, मग कितीही वाफ द्या, पहिल्यासारखा मऊ पडत नाही.

लाकूड आणलं होतं निखिलने. लाकडाची वखार त्याच्या वाटेवर होती आणि त्याच्याकडे मोठी गाडी होती. "काकू, तुम्ही कशाला जाता, मी ड्रॉप करतो ना!" मी चिठ्ठीवर लिहून दिलं, व्हाइट ओक, ओलं. फोनवरही सांगितलं. त्याने पट्ट्या आणून दिल्या, बरोबर त्याच्या सासूबाईंनी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा. काकू म्हटलं, लाडू दिले, झालं. कुठल्या गोऱ्याने आणलं असतं तर आधी मीटर टोचला असता. आपलाच मुलगा आहे म्हणून टोचला नाही. एवढी मूर्ख मी.

मी त्याला फोन लावला.

"निखिल, लाकूड कुठलं उचललंस?"

"व्हाइट ओकच काकू. आणि बेस्ट क्वालिटी!" आवाजात नुसता उत्साह. "ते लोक ओलं देत होते. मी म्हटलं, व्हॉट नॉनसेन्स. मी त्यांना सगळ्यात ड्राय असेल ते काढायला लावलं."

"मी तुला ओलं लिहून दिलं होतं."

"हो ना, मला वाटलं घाईत चुकलं असेल. ओल्या लाकडाचं फर्निचर कोण करतं? आमच्या आजोबांनी घराला दोन वर्षं लाकूड वाळवलं होतं."

"अरे, तुझ्या आजोबांनी घर वाकवलं होतं का?"

पुढे मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दीडशहाणा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

मग वखारीत फोन केला. ओलं संपलेलं, पुढच्या सोमवारी येणार. त्यानंतर आठवडाभर साच्यावर. म्हणजे बारसं हुकणार हे नक्की.

बुधवारी सकाळी शॉपमध्ये गेले तर माझ्या टेबलावर दोन रॉकर तयार. गॅरीने शॉपमधल्या एका कोरड्या ओकच्या फळीतून बँडसॉवर कापून ठेवले होते. गुळगुळीत, देखणे. त्याने निखिललाही बोलावून घेतलं होतं. निखिल आला, बरोबर बायको ऋजुता आणि कार सीटमध्ये झोपलेली मुलगी.

"परफेक्ट!" निखिल म्हणाला. "काकू, झालं ना काम!"

"हे पाळण्याला लावायचे नाहीत," मी म्हणाले.

"सूला," गॅरीने दटावलं, "कस्टमर खूश आहे."

"काकू प्लीज," निखिल म्हणाला. "सत्तर लोकांना ई-मेल गेलाय. आई पुण्याहून आलीये. मी सगळ्यांना सांगितलंय, हँडमेड पाळणा म्हणून. आता इगो नका ना आणू मध्ये."

इगो! मी रॉकर उचलला आणि थेट ऋजुताशी बोलले, कारण एवढा वेळ तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"हे बघ. लाकडात उसासारखे लांब तंतू असतात. वाकवलं की ते अख्खेच वळतात. असं कापलं की टोकापाशी आडवे तुटतात. इथे, जिथे जास्त वळलंय ना, तिथे धरून ठेवायला काही उरत नाही. कुणी पाळण्यावर रेलून जोराने झोका दिला की भार नेमका इथे येतो."

"पण दिसायला तर मजबूत वाटतंय," ती हळूच म्हणाली.

मी तो रॉकर मधोमध शिकंज्यात आवळला आणि टोकावर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला. माझं वजन काही फार नाही. टोक कटकन मोडून खाली पडलं. बाळ दचकून रडायला लागलं.

ऋजुताने मुलीला उचललं, ते मोडकं टोक पायाने बाजूला केलं आणि नवऱ्याकडे वळली.

"निखिल, बारसं पाळण्याशिवाय होईल. तू सत्तर जणांना काय सांगायचं ते सांग."

"अगं पण आई..."

"आईंना मी सांगते."

बारसं झालं. मलाही बोलावणं होतं, पण माझा राग उतरला नव्हता, मी गेले नाही. नंतर कळलं की निखिलच्या आईने मांडीवरच नातीला झुलवलं आणि आत्याने तिथेच कानात नाव सांगितलं. कुणाचं काही अडलं नाही.

ओलं लाकूड बारशाच्या आधीच्या सोमवारीच आलं होतं. ह्या वेळी प्रत्येक पट्टीला मीटर टोचला. तासभर वाफ दिली, पहिली पट्टी काढली आणि ती निमूटपणे साच्यावर वळली. दुसरीही. त्या वाळल्यावर गॅरीने स्वतः एक रॉकर शिकंज्यात धरून त्यावर भार टाकला. तो माझ्या दुप्पट वजनाचा. रॉकर ढिम्म हलला नाही. सॉरी वगैरे तो म्हणाला नाही. खुर्च्यांची पुढची ऑर्डर मात्र मला न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवली.

पाळणा न्यायला निखिल एकटाच आला. दोनतीनदा डुलवून पाहिला. मी म्हटलं, आता माफी मागेल.

"काकू, एक सांगू? तुम्ही चिठ्ठीवर नुसतं 'ओलं' लिहिलंत. का ते लिहिलं असतंत तर मी बदललं नसतं. मी वेडा नाहीये."

मला इतका राग आला की पाळणा गाडीत चढवायला मी हातही लावला नाही. त्या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच वाक्य तो बरोबर बोलला होता.

तेव्हापासून मला काय हवं ते कस्टमरला सांगताना का हवं तेही सांगते. आणि लाकूड आणायला मीच जाते.