लांब बसा

त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. दुष्काळ होता. आमच्या भागाचा नवा जिल्हा होणार अशा गप्पा जोरात होत्या, पण लेकीच्या कफात कोणता जंतू आहे हे कळायला अहमदपूरहून लातूरच गाठावं लागे. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साठतो आणि त्यातला जंतू ओळखला तरच औषध लागू पडतं.

लॅबच्या खिडकीत आजाराचं नाव सांगून आम्ही व्हरांड्यातल्या एकमेव बाकड्याकडे वळलो. तिथं ती बाई खोकणाऱ्या पोराला घेऊन बसली होती. पदर पोराच्या तोंडाशी धरून म्हणाली, "भाऊ, लांब बसा."

हे शब्द मी लहानपणी पाणवठ्यावर फार ऐकलेत. डोकंच फिरलं. "बौद्ध हाय मी. इटाळ होतो का तुमाला?"

"जात कोन इचारली? ह्यालाबी त्योच आजार हाय. ह्याच्या कफात लई वाईट जंतू निघालाय. तुमच्या लेकीला लागला तर निघायचा न्हाई."

एवढं बोलून ती पोराला घेऊन उन्हात पायरीवर जाऊन बसली.

मी खिडकीवर हात आपटला. "हे लॅबनं सांगायचं का त्या बाईनं? दुसरं बाकडं टाका!"

"जागा नाही," आतून उत्तर आलं.

धान्याच्या मोंढ्यात भल्याभल्यांना मी भावात नमवलंय. तिथं एक बाकडं मिळवता आलं नाही. पोर खोकलं होतं त्या जागी लेकीला बसवायचं धाडस झालं नाही; सावलीतलं बाकडं रिकामं राहिलं. पायरीच्या एका टोकाला ती उन्हात, दुसऱ्या टोकाला आम्ही उन्हात.