गणपतीच्या खोक्यातली डाळ

डबे मी बंद करणार नव्हते. सिलिंडर महिन्याच्या आत मान टाकतं, आलेले पैसे शेगडीच खाते, तेव्हा पुरे झाले आता डबे, असं नवऱ्याने जेवता जेवता सांगून टाकलं. इथे रोह्याच्या कंपन्यांतली शिफ्टची माणसं माझ्या हातची डाळ मागून घ्यायची. लग्नानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं. मी म्हटलं, "डबे चालूच राहतील. गॅस कमी करते."

माझं माहेर पेणचं. वडील गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पेंढ्यात बसवून खोक्यांत भरायचे. स्वतःचा जेवणाचा डबाही ते सकाळी त्याच पेंढ्यात खुपसून ठेवायचे आणि दुपारी ऊन ऊन भात खायचे. आमचा घरचा गणपतीही दरवर्षी पेणहून लाकडी खोक्यातून येतो. एरवी ते खोकं माळ्यावर पडून असतं.

मी ते खाली काढलं, पेंढा भरला. भिजवलेली तूरडाळ खळखळून उकळली, थोडी शिजू दिली, झाकण घट्ट बसवलं आणि गॅस बंद केला. पातेलं पेंढ्यात, वर गोधडी.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "गॅस बंद करून डाळ शिजते व्हय गो? आणि ती पण देवाच्या खोक्यात?"

मी भाजी आणायला पुलापलीकडच्या अष्टमी गावात गेले. परत येऊन बघते तर डाळ तशीच टणक. शिजली का हे बघायला सासूबाईंनी पुन्हा पुन्हा झाकण उघडलं होतं! सगळी वाफ गेलेली. डाळ परत गॅसवर चढली, डबे उशिरा गेले. "झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

त्या रागातच सुचलं. गणपती घरी आणताना त्याच्या तोंडावर रुमाल असतो. देव पाटावर बसेपर्यंत त्या रुमालाला कुणी हात लावत नाही. सासूबाई तर त्याबाबतीत फार कडक. दुसऱ्या दिवशी मी गोधडीवर तसाच लाल रुमाल पसरला. "आई, पानं वाढेपर्यंत हा काढायचा नाही."

"भारीच आगाव हायस," त्या म्हणाल्या. पण रुमालाला त्यांनी हात लावला नाही. दुपारी डाळीत पळी फिरवली आणि ती मेणासारखी मोडली. मग भात, चवळी, सगळंच खोक्यात जायला लागलं. सिलिंडर पुरायला लागलं, तसा नवऱ्यानेही डब्यांचा विषय सोडला.

गणपती जवळ आले. पेणला निघायच्या सकाळी नवरा खोकं न्यायला स्वयंपाकघरात आला. मी पातेलं काढायला वाकले, तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या.

"नाय. देवासाठी दुसरं खोकं बघ," त्या लेकाला म्हणाल्या. "ह्यात डाळ हाय. रुमाल अजून काढायचा नाय."