अक्काची सकाळ

माझ्या सख्ख्या बहिणीला मी ढोंगी ठरवलं. भांडणात नाही, रागात नाही. भरल्या पंगतीत, हसत हसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला लागलो की हे सांगायचं राहून जाईल, अशी मला माझीच भीती वाटते.

दीड महिन्यापूर्वी भडगावहून तिच्या सुनेचा, संगीताचा फोन आला. शाळेत मधली सुट्टी चालू होती. "मामा, आई गेल्या," एवढंच ती बोलली. छातीत कफ झाल्यामुळे अक्का चार दिवस दवाखान्यात होती, पण आदल्या दिवशीच उतार पडतोय असं कळलं होतं. फोन ठेवून मी पुढच्या तासाला वर्गावर गेलो आणि अर्धा तास शिकवलंही. काय शिकवलं ते आठवत नाही. तसा का गेलो, तेही कळत नाही...

कुसुमअक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला पाढे तिनेच शिकवले. पुढे मी जळगावला शिक्षक झालो, तेव्हा ती अख्ख्या गल्लीला सांगत फिरली, "मन्हा भाऊ सायन्सना मास्तर शे." भाऊजी लवकर गेले. मुलगा वरणगावला नोकरीला, आठवड्याने घरी येणारा. त्यामुळे तिच्या घरात काही ठरवायचं झालं की "मास्तरला विचारा" असं व्हायचं. माझ्या शब्दाला तिथे नको इतकं वजन होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांधेवात असल्याचं सांगितलं. वयाने गुडघे झिजतात तसा नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी, ठरावीक काळाने रक्ततपासणी, आणि दुखणं थांबवणारी गोळी अगदीच गरज पडली तर, तीही जेवल्यानंतर. हे सगळं मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या कपाटाला चिकटवलं होतं. संगीता फोनवर सांगायची, "मामा, आईंना सकाळी दहापर्यंत चहाचा कपसुद्धा धरता येत नाही." पण मी रविवारी सकाळची एसटी धरून भडगावला पोचायचो तेव्हा बारा वाजून गेलेले असत, आणि अक्का मजेत भाकरी थापत असे. मी पाहिलेली अक्का नेहमी दुपारचीच होती. फोनवर ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांचा मेळ बसेना. मी विज्ञान शिकवणारा माणूस. मी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

तीन वर्षांपूर्वी आखाजीला ती आमच्याकडे आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आयतं खायचं. सकाळी ती उठलीच नाही. माझ्या बायकोकडून तिने वेणी घालून घेतली. अकरानंतर मात्र स्वतःहून चुलीपाशी येऊन बसली. "सरक वं, मांडा मी करस," म्हणत तिने बायकोला उठवलं. मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. तिच्याइतका पातळ मांडा आमच्या नात्यात कोणाला जमत नव्हता. त्या दिवशी तिने बारा मांडे केले, एकही फाटला नाही.

पंगतीला पंधरा-वीस माणसं होती. संगीताचं माहेर जळगावातलंच, तीही होती. सगळे वाहवा करत असताना मी मोठ्याने म्हणालो, "अक्का, तुना वात मोठा हुशार शे! सकायले कामना टाइमले येस, आनि जेवणना टाइमले निंघी जास."

हशा पिकला. अक्काही हसली. "हुशार राहीनच ना रे भो, मास्तरनी बहीण शे मी," म्हणाली आणि माझ्या पानावर आणखी एक मांडा वाढला.

त्यानंतर तिने दुखण्याचं नाव काढलं नाही. फोनवर विचारलं की "बेस शे." मला वाटलं, बरं झालं. सकाळी तिच्या हातांसाठी गरम पाणी आणून द्यायचं संगीताने बंद केलं. तिचा दोष नव्हता. मास्तरमामाच पंगतीत तसं म्हणाले, मग उगाच लाड नकोत, एवढंच तिच्या मनात. आणि अक्का पहाटे उपाशीपोटी ती दुखणं थांबवणारी गोळी रोज घ्यायला लागली. सहा वाजता हात चालले पाहिजेत, कोणी काही म्हणायला नको... गोळ्यांची पाकिटं पुढे तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडली. सात-आठ महिने हे चाललं. मग एक दिवस ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होत होता. तिला धुळ्याला नेलं.

दोन दिवसांनी ती सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आत्ता किती?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "दोन."

डॉक्टरांनी तिचं मनगट हलकेच दाबलं. तिने डोळे गच्च मिटले.

"हे दोन?"

"मास्तर बठेल शे ना समोर," अक्का म्हणाली. "जास्त सांगं ते मार्क कापी लेई."

डॉक्टर हसले. मी बाहेर गेलो. नंतर त्यांनी मला समजावलं, की रात्रभर हालचाल नसली की या आजारात सांधे आखडतात, आणि ऊब मिळाली, वापर सुरू झाला की हळूहळू सैल होतात. सकाळी तास-दोन तास हात न उघडणं ही तर या दुखण्याची खूणच. म्हणजे जो तिच्या आजाराचा पुरावा होता, तोच मी तिच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून पंगतीत वाढला होता. त्या दिवशी ती खापरापाशी का सरकली, तेही तेव्हा कळलं. तिला ऊब हवी होती.

दवाखान्यात मी माफी मागितली नाही. अशक्त आहे, नंतर बोलू, असं मनाशी म्हटलं. मग गोळ्या बदलल्या, गरम पाणी पुन्हा सुरू झालं, मुठीचे सावकाश व्यायाम आले. दुखणं गेलं नाही, पण आवाक्यात राहिलं. मी जाड मुठीचा चमचा नेला, बरणीची झाकणं उघडायचं साधन नेलं. वस्तू नेल्या की बोलावं लागत नाही, असं बहुधा वाटत होतं. एकदा मुद्दाम मुक्काम केला आणि पहिल्यांदा तिची सकाळ जवळून पाहिली. संगीता घमेल्यातल्या कोमट पाण्यात तिचं एकेक बोट उघडत होती, आणि अक्का ओठ दाबून भिंतीकडे बघत होती.

"देखी लिधं का?" तिने मला विचारलं.

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "पाणी जास्त गरम नाही ना?"

ते सात-आठ महिने तिला भोवले का? डॉक्टर म्हणतात, कफाचा आणि त्याचा संबंध जोडता येणार नाही. मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटते. मला नेमकं काय ऐकायचं आहे, तेच उमगत नाही.

सुतक संपलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी भडगावला मंडपात लोक बोलायला उठले. एकाने सांगितलं, "इतका वात, पण माउलीने कधी दुखतंय म्हणून सांगितलं नाही." दुसरा म्हणाला, असा सोशिकपणा आता राहिला नाही. माना डोलत होत्या. मग माहेरचा म्हणून मला उभं केलं. लिहून आणलेला कागद मी खिशातच ठेवला.

मी म्हणालो, "अक्का सोशिक नव्हती. तिला दुखायचं आणि ती सांगायची. मी चारचौघांत तिची चेष्टा केली, म्हणून तिने सांगायचं बंद केलं. संगीता, तुला चुकीचं मी शिकवलं. तुझा काही दोष नाही."

शेजारच्याने माझा सदरा ओढला. "बसा मास्तर, आता काय त्याचं?"

मी बसलो नाही. समोर तिचा फोटो होता. माणसं ऐकत होती, तरी मी तिच्याशीच बोललो, आमच्या बोलीत. "अक्का, सकायले तुना हात खरंच उघडत नव्हतात. तू खरं सांगत व्हतीस. खोटा मी व्हतू. माले माफ कर."